पिवळी वायर कुठे लावू?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की टीव्हीच्या जोडणीत काही अडलं असेल तर विचारा, आणि जे काय सुरू झालं! निम्म्या लोकांनी टीव्हीच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत, त्यात अंधार, धूळ आणि कोळ्याचं जाळं सोडून काही दिसत नाही. असो. मी बावीस वर्षं व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवायचं यंत्र) आणि टीव्ही दुरुस्त केले, आता दुकान बंद आहे, त्यामुळे कुठल्या कंपनीचा घेऊ हे मला विचारू नका, लावायचा कसा ते विचारा.

उत्तरांच्या आधी एक काम सगळ्यांनाच सांगतो. वायर हातात घेण्याआधी पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढा, एक सेट टॉप बॉक्सचा, एक टीव्हीचा, एक साउंडबारचा (टीव्हीखालचा लांब स्पीकर), असतील तेवढे. मग चित्र कुठून कुठे जातंय त्याचा बाण काढा आणि आवाज कुठून कुठे जातोय त्याचा वेगळा बाण काढा. वेगळाच काढा. कारण आवाजाचा बाण कधीकधी उलटा फिरतो, आणि या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांची माती नेमकी तिथेच झालीय.

नमस्कार काका, मुलगा दिवाळीत आला होता, त्याने ४३ इंची टीव्ही आणि खाली ठेवायचा लांबलचक साउंडबार घेऊन दिला. दुकानातला माणूस टीव्ही भिंतीवर टांगून गेला, साउंडबारकडे बघून म्हणाला हे आमच्यात येत नाही. मुलगा परत बंगलोरला गेला. आता आवाज टीव्हीतूनच येतो आणि साउंडबारवर नुसता निळा दिवा. एचडीएमआयची वायर मी तिन्ही ठिकाणी लावून बघितली, एकदा आवाज आला पण तो दोन्हीकडून आला, देवळात बोलल्यासारखा घुमायला लागला. समोर तीन रिमोट आहेत आणि आमचे हे म्हणतात परत करून टाक. — सातारा

ताई, परत करू नका, तुम्ही अख्खा खंबाटकी घाट चढून वर आलाय आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबलाय. एकदा आवाज आला ना? म्हणजे वायर चांगली आहे आणि जागाही तुम्हाला सापडली होती, फक्त ती कुठली ते लक्षात राहिलं नाही.

एचडीएमआयची वायर एरवी चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीत आणून टाकते. तुम्हाला हवंय उलटं, टीव्हीतला आवाज बाहेर साउंडबारकडे. ही परतीची वाट एचडीएमआयमध्ये २००९ साली आली, तिचं नाव एआरसी, आणि ती टीव्हीच्या सगळ्या पोर्टांवर नसते, बहुतेक टीव्हींवर एकाच पोर्टावर असते. त्या पोर्टाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात एआरसी किंवा नव्या टीव्हीवर ईएआरसी असं छापलेलं असतं. भिंत आणि टीव्हीच्या मध्ये दोन बोटांची फट, तिथे डोकं जाणार नाही हे मला माहितीय, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा, फोन फटीतून सावकाश फिरवा आणि मग बाहेर बसून चष्मा लावून निवांत बघा. त्या पोर्टात आत्ता सेट टॉप बॉक्स बसलेला असेल तर त्याला उठवून शेजारी बसवा, त्याला कुठलाही पोर्ट चालतो.

आता गंमत अशी की साउंडबारच्या मागे जर दोन एचडीएमआय असतील, एक इन आणि एक आउट, तर ही वायर आउटमध्ये लावायची. आवाज आत येतोय आणि वायर आउटमध्ये! हे कोणी ठरवलं त्याला माझ्यासमोर उभं करा. पण आहे ते असंय, कारण त्या पोर्टाचं मूळ काम चित्र टीव्हीकडे पाठवणं, परतीचा आवाज त्यात नंतर घुसवलाय.

वायर बसली की टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची गोष्ट चालू करायची, ती एका रिमोटचे हुकूम दुसऱ्या यंत्राकडे नेते. तिला प्रत्येक कंपनीने स्वतःचं बारसं करून ठेवलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग साउंड आउटपुटमध्ये जाऊन टीव्ही स्पीकरच्या ऐवजी एआरसी किंवा ऑडिओ सिस्टीम निवडा. तुमचा घुमणारा आवाज यामुळेच होता, दोन्ही स्पीकर चालू आणि एकाचा आवाज कणभर मागे. एवढं करून साउंडबार गप्पच बसला तर आवाजाच्या फॉरमॅटमध्ये पीसीएम निवडून बघा, काही साउंडबारना डॉल्बीची भाषा समजत नाही, पीसीएम सगळ्यांना समजते. आणि तरीही नाही तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून उपटून दोन मिनिटं थांबा, चहा ठेवा, मग आधी टीव्ही आणि नंतर साउंडबार चालू करा. हे करताना मला अजूनही लाज वाटते, बावीस वर्षं सोल्डरिंग केलेल्या माणसाने प्लग काढून घाला सांगायचं म्हणजे, पण लागू पडतं.

झालं की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबार कमी-जास्त होईल. उरलेला रिमोट ड्रॉवरमध्ये टाका, सेल काढून टाका, नाहीतर वर्षभराने सेल फुटून आत पांढरी भुकटी होते.

एआरसी नाहीच आहे टीव्हीला, जुना आहे. मग ऑप्टिकल वायर आणली, ती आतच जात नाही, अर्धवट बसते आणि आवाज नाही. — धुळे

वायरच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकची छोटी पारदर्शक टोपी असते ती काढलीत का? हसू नका कोणी, मी स्वतः एका गिऱ्हाइकाकडे त्या टोपीसकट वायर अर्धा तास रेटत होतो. टोपी काढली की खट् आवाज येऊन बसेल. आवाज कमी-जास्त करायला मात्र साउंडबारचाच रिमोट लागेल, ही वायर फक्त आवाज नेते, बटणाचे हुकूम नेत नाही.

काका, आम्ही सेट टॉप बॉक्सला स्वतःची एक टीबीची हार्ड डिस्क लावून तीन वर्षं रेकॉर्डिंग केलं. मालिका जाऊ देत, पण त्यात नातीचा टीव्हीवर आलेला नाच आहे, सासूबाईंचं आवडतं कीर्तन आहे. मागच्या महिन्यात बॉक्स बंद पडला, कंपनीच्या माणसाने नवीन देऊन जुना नेला. नवीन बॉक्सला डिस्क लावली तर तो म्हणतो फॉरमॅट करा. लॅपटॉपला लावली तर तोही म्हणतो फॉरमॅट करा. काय करू? — ठाणे

दोघांनाही नाही म्हणा, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि आता जे सांगतो ते जरा जड आहे. ते रेकॉर्डिंग तुमच्या डिस्कवर असलं तरी तुमच्या ताब्यात नव्हतंच. बॉक्स जे साठवतो ते कुलूप लावून साठवतो आणि त्या कुलपाची किल्ली त्या एका बॉक्सशी नाहीतर त्यातल्या कार्डाशी बांधलेली असते. डिस्क तुमची, चॅनेलचे पैसे तुमचे, पण किल्ली बॉक्सवाल्याची. दुसरा बॉक्स, तो अगदी त्याच मॉडेलचा असला तरी, बहुतेक वेळा ते कुलूप उघडू शकत नाही, आणि लॅपटॉपला तर डिस्कवरची मांडणीच कळत नाही म्हणून तो आपला फॉरमॅट फॉरमॅट करतो. गल्लीतला कॉम्प्युटरवाला म्हणेल डेटा रिकव्हरी करून देतो, पैसे घेईल, फाइली काढूनही देईल, आणि त्या चालणार नाहीत. पुसलेली फाइल परत आणणं वेगळं आणि कुलूपबंद फाइल उघडणं वेगळं.

एकच धागा आहे. आजच्या आज कस्टमर केअरला फोन करून जुना बॉक्स अजून त्यांच्या लोकल ऑफिसात पडलाय का विचारा, कारण बंद पडलेल्या बॉक्सांपैकी बरेचसे बॉक्स बंद पडलेलेच नसतात, त्यांचा अॅडॉप्टर गेलेला असतो. काळी ठोकळी, बहुतेक १२ व्होल्टची. उन्हाळ्यात टीव्हीमागे तापून तापून ती मरते आणि दोष बॉक्सला. बाकीच्या वाचकांनी हे लिहूनच ठेवा, बॉक्स परत देण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपियरचा आणि पिनेचं प्लस-मायनस तसंच असलेला दुसरा अॅडॉप्टर लावून बघायचा. तुमचा बॉक्स मिळाला आणि जिवंत झाला तर नातीचा नाच त्याच्यावरच टीव्हीला लावा आणि समोर स्टँडवर मोबाइल ठेवून सरळ शूटिंग करून घ्या. बावळट वाटेल, पण नाच राहील. बॉक्स नाहीच मिळाला तर कार्यक्रमाची तारीख आठवून त्या चॅनेलचं यूट्यूब धुंडाळा, सह्याद्री आणि इतर मराठी चॅनेल बरंच काही तिथे टाकत असतात. कीर्तन तर नक्की शोधा.

खूप जणांनी एचडीएमआयच्या वायरीतून रेकॉर्डिंग करायचं यंत्र आणलं आणि पडदा काळा आला असंही लिहिलंय. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, वायरीतच एचडीसीपी नावाचं कुलूप आहे, समोर टीव्हीऐवजी रेकॉर्डर दिसला की ते चित्र बंद करतं. त्यात आणखी पैसे घालू नका.

आमचा बॉक्स रेकॉर्डिंगला पेन ड्राइव्ह घेत नाही आणि हार्ड डिस्क लावली की टिक टिक आवाज करून बंद होते. आणि मॅच शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या की रेकॉर्डिंग संपतं. — लातूर

टिक टिक म्हणजे डिस्क उपाशी आहे. बॉक्सचा जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, डिस्कला फिरायला सुरुवातीला त्याहून जास्त लागतं. स्वतःचा अॅडॉप्टर असलेली डिस्क किंवा करंटवाला यूएसबी हब लावा. पेन ड्राइव्ह बहुतेक संथ किंवा लहान आहे. मॅचचं म्हणाल तर बॉक्स गाइडमध्ये छापलेली वेळ बघतो, त्याला ओव्हर मोजता येत नाहीत, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये शेवटाला तासभर वाढवून ठेवा.

काका, आमच्या लग्नाची १९९४ची कॅसेट आहे, बाबांचं (सासरे) एकमेव बोलतं-चालतं चित्र त्यात आहे. माळ्यावरून व्हीसीआर काढला, पुसला, चालू झाला! पण नवीन टीव्हीला पिवळं-लाल-पांढरं नाहीच, एकच बारीक गोल भोक आहे. दुकानदाराने त्यात बसणारी वायर दिली, तीन रंग एका बाजूला आणि एक पिन दुसऱ्या बाजूला. लावली तर चित्र नाही आणि एका स्पीकरमधून घुंSSS असा आवाज. कॅसेटवर पांढरे डाग पण दिसतायत. आता पिवळी वायर कुठे लावू? — चिपळूण

पहिलं म्हणजे थांबा. कॅसेट आत असेल तर बाहेर काढा. पिवळ्या वायरकडे मग येतो.

ते पांढरे डाग म्हणजे बुरशी. कोकणातला पाऊस आणि पत्र्याखालचा माळा, दुसरं काय होणार. बुरशी लागलेली टेप चालवली की ती पूड व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या फिरत्या हेडवर जाऊन बसते, हेड चोंदतं, मग चित्रात मुंग्या मुंग्या आणि त्याच हेडवर पुढची चांगली कॅसेट घातली की तीही घाण होते. वर जुन्या व्हीसीआरचे रबरी पट्टे वाळून ढिले झालेले असतात, ते मध्येच घसरतात आणि टेप आत गुंडाळून बसते. मी माझ्या हाताने लोकांच्या बारशांच्या आणि मुंजींच्या टेपा कात्रीने कापून बाहेर काढल्यात, नको ते. म्हणून आधी बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट, जुना सिनेमा वगैरे, घालून पाच मिनिटं चालवा, पुढे-मागे पळवा. ती सुखरूप बाहेर आली तर व्हीसीआर बरा आहे.

लग्नाच्या कॅसेटची बुरशी घरी ओल्या फडक्याने काढायला जाऊ नका. हे काम करणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत, काही जुने फोटो स्टुडिओवालेही करतात, मात्र देताना दोन गोष्टी ठरवून घ्या, मूळ कॅसेट परत पाहिजे आणि डीव्हीडी नको, फाइल पाहिजे. घरात रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडी काही वर्षांनी अडकायला लागतात हे मी किती पाहिलंय. आणि हे काम पुढच्या मे महिन्यात करू असं म्हणू नका. व्हीएचएस, म्हणजे तुमच्या कॅसेटची ही पद्धत, १९७६ साली जपानात आलं आणि शेवटची कंपनी जी व्हीसीआर बनवत होती, फुनाई, तिने २०१६च्या जुलैत हात टेकले. म्हणजे आता जे व्हीसीआर आहेत तेवढेच आहेत, आणि ते मरतायत.

आणि हो, कॅसेटच्या कण्यावर डाव्या टोकाला एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तो असेल तर बोटाने मोडून टाका. तो मोडला की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नाही. त्या काळी लोक मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवून परत रेकॉर्ड करायचे, तशी चिकटवलेली असेल तर तीही काढा. माझ्याकडे एक जण लग्नाची कॅसेट घेऊन आला होता, सप्तपदीच्या मध्येच अजय जडेजा वकार युनूसला धुतोय, १९९६च्या वर्ल्ड कपची बंगलोरची क्वार्टर फायनल. भावाने रेकॉर्ड केली होती. बायको शेजारी उभी होती. मी काय बोलणार?

आता पिवळी वायर. टीव्हीच्या त्या बारीक भोकात जी पिन जाते तिच्यावर तीन काळ्या रिंगा असतात, म्हणजे पिनेचे चार भाग, दोन आवाजाचे, एक चित्राचा, एक अर्थिंगचा. आणि कुठला भाग कशाचा यावर कंपन्यांचं एकमत नाही. बाहेरून सगळ्या वायरी सारख्या दिसतात, आतून वेगळ्या. तुम्हाला दुकानदाराने बहुतेक जुन्या कॅमेऱ्याच्या क्रमाची दिलीय. तुमचा तो घुंSSS म्हणजे चुकून आवाजाच्या वाटेला लागलेलं चित्र आहे. ऐकू येणारं चित्र म्हणा ना! तेव्हा व्हीसीआरच्या व्हिडिओ आउटमधून पिवळी काढा आणि तिथे लाल लावून बघा, मग पांढरी. रंग विसरा, रंग फक्त माणसांसाठी असतात. तिन्हींपैकी एकीवर चित्र येईल, मग उरलेल्या दोन आवाजाला. याने काही जळत नाही, बिनधास्त करा. तिन्हींवर चित्र आलं नाही तर अर्थिंगचाच भाग वेगळा आहे, मग टीव्हीच्या कंपनीचीच वायर मागवावी लागेल. व्हीसीआरच्या बाजूला तिन्ही पिना आउटमध्येच आहेत ना तेवढं बघा, इन आणि आउट शेजारी शेजारी असतात. आणि व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर उरलेल्या दोघींपैकी एक लावा, दुसरी लोंबकळू दे.

टीव्हीवर नीट दिसलं की मग कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं. त्यासाठी यूएसबीचा कॅप्चर डाँगल मिळतो, एका बाजूला तीन रंग, दुसऱ्या बाजूला यूएसबी. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी पाल, म्हणजे आपल्याकडची चित्राची पद्धत, निवडा, कारण बऱ्याचदा ते आतून एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या पद्धतीवर, सेट असतं आणि मग आपली कॅसेट काळी-पांढरी दिसते किंवा चित्र खालून वर लोळत राहतं आणि लोकांना वाटतं कॅसेट गेली. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, घाईचा मार्ग नाही. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झोपायची सेटिंग बंद करा, वायफाय बंद केलं तरी चालेल. आणि फाइल सरळ पेन ड्राइव्हवर घेऊ नका, बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचे असतात, त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही, रेकॉर्डिंग नेमकं मंगलाष्टकं संपायच्या आत थांबतं. लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या, नंतर दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, एक तुमच्याकडे आणि एक दीर-नणंदेकडे.

चित्र मोबाइलच्या मानाने धूसर दिसेल. दुकानात एआयने फोरके करून देतो म्हणतील, त्यांना आधी एक मिनिट करून दाखवायला सांगा आणि बाबांचा चेहरा बाबांचाच राहतोय का बघा. मूळ फाइल मात्र काही झालं तरी जपून ठेवा.

काका, आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलाच्या बारशाची कॅसेट २००१ साली इथे शूट केली होती, आई-बाबांना पुण्यात पाठवली. तेव्हा ती तिथल्या व्हीसीआरवर लागली नाही, कपाटात राहिली. आता मुलाचं लग्न आहे, तिथे कॉपी करून घेऊ का?

इथे नको. कॅसेटचं खोकं सारखं असलं तरी अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० चित्रं, आपल्याकडे पाल, ६२५ रेषा आणि २५ चित्रं. आपल्या साध्या व्हीसीआरला ती झेपली नाही यात नवल नाही. दोन्ही चालवणारे व्हीसीआर होते, पण आता शोधत बसाल. कोणी तिकडे येणारं असेल त्याच्या हातात कॅसेट द्या आणि तिथेच एनटीएससीवर कॉपी करून घ्या. फक्त विमानात चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, हरवायची भीती. डिस्कचंही तसंच, तिकडच्या सिनेमाच्या डीव्हीडी रीजन १ आणि आपल्या रीजन ५, पण घरी शूट केलेल्या डिस्कला रीजन नसतो, तिथे अडलं तर कारण दुसरं.

सेट टॉप बॉक्सच्या मागची डिशची वायर धरली की हाताला मुंग्या येतात, टेस्टर लावला तर दिवा लागतो. एक एचडीएमआय पोर्ट असाच जळाला, मेकॅनिक म्हणतो व्होल्टेज. — कोल्हापूर

व्होल्टेज खरं पण लाइटवाल्यांचं नाही, घरातलंच. अॅडॉप्टरच्या आत खरखर घालवायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट पलीकडे झिरपतो. अॅडॉप्टर दोन पिनांचा, टीव्हीला दोन पिना, सगळं दोन पिनांचं, मग त्या करंटला जमिनीत उतरायला वाटच नाही, आणि बॉक्सच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट इतका कमी असतो की माणसाला नुसत्या मुंग्या, पण एचडीएमआयच्या आतली चिप पाच व्होल्टांत जगणारी, तिला हा धक्का म्हणजे वीजच. चालू बॉक्समध्ये वायर खुपसताना ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. म्हणून एचडीएमआय लावताना आणि काढताना दोन्ही बाजूंचे प्लग भिंतीतून बाहेर पाहिजेत, नुसतं बटण बंद नाही, बोर्डाचं बटण चुकून न्यूट्रलवर असेल तर उपयोग शून्य. डिशची वायरही आधी सोडवा.

बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत भोक असतं आणि मागे वायर नसते. गच्चीवरच्या डिशलाही अर्थिंग करून घ्या. आणि मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, मेन बंद करून माणूस बोलवा. वळीव यायच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लग काढतो आपण, पण डिशची वायर बॉक्सलाच राहते. तीही काढायची.

नवीन एचडी टीव्हीवर सगळी माणसं जाडी दिसतात. — सोलापूर

बॉक्स अजून जुन्या ४:३ मापावर आहे आणि टीव्ही ते ओढून १६:९ करतोय. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ करा, रिझोल्यूशन ५७६ असेल तर १०८० करा. आणि बघा हं, पिवळ्या वायरवर तर चालवत नाही ना? पिवळीतून एचडी जातच नाही. एचडी पॅकचे पैसे भरून वर्षभर पिवळ्या वायरवर बघणारी घरं मी मोजायचं सोडून दिलंय.

गावाकडे फ्री डिश आहे. शेजाऱ्याला जास्त चॅनेल येतात, आम्हाला कमी, आणि आजकाल दुपारी वारा सुटला की चित्राचे ठोकळे होतात. — बीड

तुमचा बॉक्स जुना एमपेग-२ चा असणार, शेजाऱ्याचा एमपेग-४. जुन्या बॉक्सला नवीन पद्धतीचे चॅनेल शोधूनही सापडत नाहीत, बॉक्स बदलावा लागेल, छत्री तीच चालेल. वाऱ्याचं कारण गच्चीवर जाऊन बघा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे तुमची छत्री आग्नेयेकडे तोंड करून असेल, तिच्यासमोर उभं राहून वर बघा. शेवगा किंवा लिंब वाढलाय का? हा सिग्नल पानांतून जात नाही, वाऱ्याने फांदी हलली की ठोकळे. फांदी छाटा, मेकॅनिकचे पैसे वाचतील.

घरात २९ इंची जुना डबा टीव्ही आहे, मुलं म्हणतात भंगारात द्या. चालू आहे. द्यावा का? — नाशिक

घरात कॅसेटी आहेत का? असतील तर अजिबात देऊ नका, निदान सगळ्या कॉपी होईपर्यंत. त्याच्या पुढे किंवा मागे पिवळं-लाल-पांढरं आहे, पाल त्याला जन्मापासून येतं, आणि व्हीएचएसचं चित्र त्याच्यावर जितकं गोड दिसतं तितकं सपाट टीव्हीवर दिसत नाही. कॅसेट खराब की डाँगल खराब हे ओळखायला याच्यासारखा साक्षीदार नाही, आधी याच्यावर लावून बघायचं. चिपळूणच्या ताई जवळ असत्या तर त्यांना मी तुमच्याकडेच पाठवलं असतं.

काम झालं की ई-कचरा घेणाऱ्याला द्या, गल्लीतल्या भंगारवाल्याला नको, तो तांब्यासाठी काच फोडतो आणि त्या काचेत शिसं असतं. आणि द्यायच्या आधी आतलं एखादं पार्ट काढून ठेवू असं म्हणून मागचं झाकण उघडू नका, ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. जिन्यावरून उतरवताना दोन माणसं लावा, काचेची बाजू छातीकडे ठेवून धरा, सगळं वजन पुढच्या बाजूला असतं.